विनताची तिसरी खेप

पाणी पीत राहायचं आणि लघवीला जायचं नाही, एवढंच त्या सकाळी विनताचं काम होतं. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या बाजारामागच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावरच्या बाकावर ती बाटली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिची सासू, नर्मदाबाई. खालून ऑटोवाल्यांचा गलका येत होता. थंडीचे दिवस होते, पाणी घशाखाली उतरत नव्हतं.

"अजून पिऊ का हो, आई?"

"मले काय विचारून राहिली? त्या नर्सबाईले विचार."

नर्सबाई म्हणाली, "थोडा और, दीदी. ब्लैडर फुल होगा तभी सोनोग्राफी में ठीक से दिखेगा." विनतानं डोळे मिटून आणखी दोन घोट घेतले.

तिचा नवरा रामकृष्ण इंगळे खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होता. त्या दिवशी वरून कुणी साहेब यायचे होते, रजा मिळाली नाही. खरं तर मागच्या दोन वेळांनी त्याच्या रजाही संपत आल्या होत्या आणि बोलणंही. सकाळी स्कूटर काढताना तो फक्त म्हणाला, "आई आहे सोबत. मी फोन करतो." आणि गेला.

रामकृष्णचे वडील बळीराम अचलपूरकडून इथं नोकरीला आले, तेव्हा जबलपूर आणि अमरावती एकाच राज्यात होती. नंतर राज्यं वेगळी झाली, गाव तिकडं राहिलं आणि माणसं इकडं. नर्मदाबाई लग्न होऊन इथल्या कारखान्याच्या वस्तीत आल्या आणि इथंच म्हाताऱ्या झाल्या. हिंदी बोलायला शिकल्या, पण घरात वऱ्हाडीच. विनता मात्र इथलीच, जबलपूरची. मराठी घरापुरती, बाकी सगळं हिंदीत. जवळच्याच रांझी भागातल्या पोस्टात ती काउंटरवर बसायची. वय चाळिशीला टेकलं होतं, आणि गेल्या काही वर्षांत तिला असा थकवा जडला होता जो झोपून उठल्यावरही जागच्या जागी असायचा.

पहिली खेप नागपूरला झाली. शरीराबाहेर तयार केलेला गर्भ बारीक नळीतून गर्भाशयात ठेवायचा, एवढीच ती गोष्ट. तिथले डॉक्टर मोठे, हात सराईत. ते हाताच्या अंदाजानं नळी सरकवत. त्या काळी बरेच जण तसंच करत. विनताच्या बाबतीत नळी आत जाईना. पुन्हा, पुन्हा प्रयत्न केला, तिला दुखलं, थोडं रक्त आलं. शेवटी झालं एकदाचं. परतीच्या गाडीत जो तो म्हणाला, "होईलच आता, सौ टका." नाही झालं.

दुसऱ्या वेळी ती जबलपूरच्याच डॉ. सरोजिनी पराडकरांकडे गेली. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राजवटीपासून इथलं. बाईंची मराठी जुन्या पुस्तकासारखी नीटनेटकी, मध्येच हिंदीत शिरणारी. त्यांनी आधी नुसत्या रिकाम्या नळीनं वाट तपासून पाहिली आणि सांगितलं, "तुमच्या गर्भाशयाचं तोंड जरा वाकडं वळतं. आंधळेपणी जाण्यात अर्थ नाही. आपण सोनोग्राफीत बघत बघत जाऊ." त्या वेळी सगळं सोपं झालं. दिवस राहिले. घरात पेढे आले. मग एका तपासणीत डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, तेव्हाच विनताला कळलं. गर्भाला ठोका नव्हता.

त्यानंतर ती दोन वर्षं तिकडं फिरकली नाही. दवाखान्यात तिचे आणखी दोन गर्भ गोठवून ठेवलेले होते. रामकृष्ण अधूनमधून विषय काढायचा, ती उठून भांडी घासायला जायची. नर्मदाबाई मुलाला म्हणायच्या, "काहून तिच्या मागं लागतं रे? तिचं शरीर आहे." सासूनं असं म्हणावं याचं शेजारणींना नवल वाटायचं. विनताला नाही वाटायचं. दिवसभर दोघी एकाच घरात एकमेकींचा थकवा बघत होत्या.

तरी ती गेली. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त एकदा नर्मदाबाईंना म्हणाली, "आई, ते दोघं तिथं थंडीत पडून आहेत असं वाटतं. जेवायला बसलं की आठवतं." नर्मदाबाई म्हणाल्या, "मंग जाऊन ये बाई. पण त्याच्यानंतर नको."

डॉक्टरांशी बोलायला नवरा-बायको दोघंही गेले होते. रामकृष्णनं थेट विचारलं, "मॅडम, चान्स किती?"

डॉ. पराडकरांनी विनताचं वय, आधीचे दोन अनुभव, गर्भ गोठवताना कसे दिसत होते, सगळं पुन्हा पाहिलं. "अशा दहा बायका असल्या, तर दोघींना मूल होतं. फार तर तिघींना."

"इतकं कमी? आमच्याकडे लॉटमधले थोडे नमुने उडवून बघतात. त्यावरून सगळा लॉट पास की फेल, सांगता येतं."

"बरोबर आहे. पण एखादा नग हातात धरून सांगता येतं, की हाच उडेल?"

रामकृष्णनं मान हलवली. नाही.

"माझंही तसंच. शंभर बायकांबद्दल मी बोलू शकते. विनताबद्दल नाही. गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे ते मोजीन, गर्भ किती चांगला दिसतो ते बघीन, नळी अगदी जागेवर नेईन. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

रामकृष्णचा चेहरा उतरला. विनताला मात्र, तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, जरा हलकं वाटलं. इतक्या वर्षांत "होईलच" असं न म्हणणारं हे पहिलं माणूस होतं. देवळातल्या गुरुजींपासून पोस्टातल्या बाबूपर्यंत सगळ्यांनी तिला आशा दाखवली होती, आणि ती खोटी निघाली की सांभाळायचं तिनं एकटीनं.

तर त्या सकाळी ती बाकावर पाणी पीत होती. आतून डॉक्टरांनी निरोप पाठवला, की दोनपैकी एक गर्भ गोठवलेल्या अवस्थेतून बाहेर काढल्यावर तगला नाही. एकच उरला आहे, तो बरा दिसतो आहे. विनतानं ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. लघवी इतकी लागली होती की दुसरं काही सुचत नव्हतं.

तिनं विचारलं, "आई आत येतील का माझ्यासोबत?" डॉक्टर हो म्हणाल्या. नर्मदाबाईंना हिरवा झगा आणि टोपी घालायला दिली. त्या टोपीत त्या कुणी वेगळ्याच बाई दिसत होत्या. विनताच्या डोक्याशी स्टुलावर बसून त्यांनी तिचा हात धरला.

खोलीत उजेड कमी होता. एका तरुण डॉक्टरीणबाईनं विनताच्या ओटीपोटावर गार जेली लावून सोनोग्राफीचा दांडा टेकवला आणि लगेच म्हणाली, "मॅम, ब्लैडर तो बहुत ज्यादा भर गया. यूटरस दब रहा है."

डॉ. पराडकर हसल्या. "विनता, उठावं लागेल. थोडी लघवी करून या. एक पेलाभर, जास्त नको."

"पेलाभर करून थांबायचं? मधेच?"

"हो."

"हे काही माणसाचं काम नाही, मॅडम," विनता म्हणाली. पण गेली, दात आवळून थांबली आणि परत आली. नर्मदाबाईंनी विचारलं, "जमलं?" ती म्हणाली, "जमलं कसलं, जीव गेला." तरुण डॉक्टरीण फिसकन हसली आणि खोलीतला ताण जरा सैलावला.

आता पडद्यावर नीट दिसत होतं. "हा काळा भाग म्हणजे मूत्राशय," डॉ. पराडकर सांगत होत्या, बहुतेक नर्मदाबाईंसाठी. "त्याच्यामागं हे गर्भाशय. आणि ही पांढरी रेघ आली ना, ती आपली नळी." रेघ सरकत आली, एका वळणापाशी अडली. डॉक्टरांनी जोर केला नाही. पडद्याकडे बघत त्यांनी हात जरासा खाली घेतला, नळीचा कल बदलला आणि रेघ वळण ओलांडून अलगद आत गेली. विनताला काही दुखलं नाही. नागपूरचा तो दिवस आठवून तिनं उगीच पाय ताठ केले होते, ते तिनं सोडले.

"आता बघा."

रेघेच्या टोकाशी एक पांढरा ठिपका चमकला आणि तिथंच राहिला.

"तो आहे का?" नर्मदाबाईंनी हळूच विचारलं.

"तो नाही, आजी. तो इतका बारीक असतो, की यात दिसत नाही. त्याच्यासोबत हवेचा बुडबुडा असतो, तो चमकतो. पण बुडबुडा जिथं, तिथंच आसपास तो." नळी बाहेर काढून शेजारच्या खोलीत पाठवली. तिथून आवाज आला, "क्लियर." नळीत काही मागं राहिलं नव्हतं. नर्मदाबाईंनी हात जोडले. पडद्याला की डॉक्टरांना, कळलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "घरी नेहमीसारखं वागा. निजून राहायची गरज नाही." पण घरी आल्यावर हे कुणी मानलं नाही. रामकृष्णनं पलंगाच्या पायथ्याशी उशा रचल्या. शेजारीण म्हणाली, खाली वाकायचं नाही. विनतानं वाद घातला नाही. रजा होती, अंगावर गोधडी होती, कुणी काही मागत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. वर्षानुवर्षांची झोप ती काढत होती. गुडघे धरून नर्मदाबाई स्वयंपाक करत होत्या.

त्याच दिवसांत, एका सकाळी रामकृष्ण कामावर गेल्यानंतर, न्हाणीतून धप्प आवाज आला.

विनता धावली. नर्मदाबाई ओल्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या, हात अंगाखाली दुमडला होता, बादली कलंडून पाणी सगळीकडे झालं होतं.

"तू नको हात लावू," त्या म्हणाल्या. "शेजारच्यांले बोलाव."

विनतानं हाका मारल्या. समोरच्या क्वार्टरला कुलूप होतं. बाजूच्या घरी एक म्हातारे गृहस्थ, त्यांना स्वतःलाच काठी लागायची. ती परत आली. सासू थंडीनं कुडकुडत होती, लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं.

"आई, धरा मला."

"नको म्हणतो ना. सोड मले. पडून राहतो मी, रामकृष्ण येईल."

"तो संध्याकाळी येईल."

विनतानं मागून काखेत हात घातले आणि उचललं. नर्मदाबाई अंगानं भारी होत्या. अर्धं उचलत, अर्धं ओढत तिनं त्यांना पलंगापर्यंत आणलं, अंग पुसलं, कोरडं नेसवलं. सारा वेळ म्हातारी "सोड, सोड" म्हणत रडत होती. विनताच्या पोटात खाली कळ आली की नुसतीच भीती, तिला सांगता आलं नसतं. मग ऑटो आणून तिनं त्यांना दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं.

रक्ततपासणीचा दिवस आला. फोनवर नर्स म्हणाली, "दीदी, निगेटिव है." विनतानं "अच्छा" म्हणून फोन ठेवला आणि डाळीला फोडणी दिली.

रामकृष्ण संध्याकाळी आला. त्यानं ऐकलं, बूट काढले, चहा घेतला. मग कपाकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी कुणाला तरी बोलवायचं होतं. एकटीनं उचलायला नको होतं."

तो ओरडला नव्हता. रागानंही बोलला नव्हता. पण आतल्या खोलीत नर्मदाबाई जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. अर्धी पोळी खायच्या आणि ताट सरकवायच्या. एका हातानं वेणी घालता येत नव्हती, तरी विनताला फणी लावू देईनात. केसांच्या जटा होऊ लागल्या. विचारलं तर एकच, "माह्यापायी गेलं." विनता समजावून थकली. नंतर तिला राग येऊ लागला. दुःख तिचं होतं, ते करायलाही तिला कुणी जागा ठेवली नव्हती. सकाळी उठून आधी म्हातारीची समजूत घालायची, मग पोस्टात जायचं, आल्यावर पुन्हा तेच. आणि खोल कुठंतरी तिलाही शंका होती. उचललं नसतं तर?

एका सकाळी तिनं नर्मदाबाईंच्या अंगावर शाल टाकली. "चला."

"कुठं?"

"डॉक्टरांकडे. तुम्हीच विचारा. माझ्याच्यानं आता होत नाही."

डॉ. पराडकरांनी प्लास्टर पाहिलं, चेहरा पाहिला आणि खुर्ची जवळ ओढली. नर्मदाबाईंनी प्रस्तावना केली नाही.

"खरं सांगा, डॉक्टरीणबाई. तिनं मले उचललं म्हणून गेलं का?"

"नाही."

"तिले बरं वाटावं म्हणून नका सांगू."

"आजी, पोळी करता ना? गरम पोळीला तूप लावा, घडी घाला, आत खसखशीचा एक दाणा ठेवा. आता ती पोळी हातात घेऊन हलवा. दाणा पडतो का खाली?"

नर्मदाबाईंनी विचार केला. "नाही पडत. चिकटून राहतो."

"गर्भाशय तसंच असतं. पिशवी उघडी नसते, की हिंदकळलं आणि सांडलं. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात." त्यांनी कॉम्प्युटरवर त्या दिवशीचं चित्र काढलं. काळ्या-करड्या रंगांत तो ठिपका होता. "बघा, हवा होता तिथंच ठेवला होता. तुम्ही स्वतः पाहिलंत. चालल्यानं, जिना चढल्यानं, माणूस उचलल्यानं तो हलत नाही."

"मंग गेलं काहून?"

"बहुतेक त्या गर्भातच पुढं वाढायची ताकद नव्हती. बहुतेक म्हणते, कारण नक्की मलाही माहीत नाही. मी आधीच म्हटलं होतं, दहातल्या दोघी-तिघी. बाकीच्या सात-आठ जणी काही सासूला उचलत नाहीत."

विनताला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

नर्मदाबाई चित्राकडे बघत राहिल्या. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "आणखी एक विचारू का? माह्यं विचारायचं आहे."

"विचारा."

"या रामकृष्णाच्या आधी, लय वर्षं आधी, मले दिवस गेले होते. सासरी गावी गेली होती मी तेव्हा. विहिरीवरून पाण्याचा गुंड आणला डोक्यावर. दुसऱ्या दिवशी पडलं. सासू म्हणे, तूच पाडलं, गुंड उचलून. त्याच्यानंतर किती तरी वर्षं काही झालंच नाही. लग्नाकार्यात कोणी ओटी भरू देत नव्हतं." त्या थांबल्या. "त्या गुंडानं पडलं का ते?"

विनता वळून बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं हे कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "तेव्हाचं मी पाहिलेलं नाही, आजी. शपथेवर नाही सांगू शकत. पण सुरुवातीचे जे पडतात, ते बहुतेक असेच, त्यांच्या त्यांच्या दोषानं. पाण्याच्या गुंडानं पडत असते, तर आपल्याकडे गावोगावी पोरंच दिसली नसती. नाही, तुम्ही नाही पाडलं."

"मले पन्नास वर्षं वाटून राहिलं होतं," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी चांगल्या हातानं पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी डॉक्टरांनी त्यांना उठवलं नाही.

दोघी ऑटोनं परत निघाल्या. रांझीच्या चौकापाशी नर्मदाबाई म्हणाल्या, "घरी गेलं की डोकं विंचरून दे वं. खाजून राहिलं." विनतानं दुपारभर अंगणात बसून तेल लावत त्या जटा सोडवल्या.

रामकृष्ण आला तेव्हा तिनं त्याला डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं. मग अजून एकदा..."

"नाही," विनता म्हणाली.

"मी फक्त विचारतोय."

"मी थकले हो. इंजेक्शनांनी नाही. दर वेळी आशा धरून थकले. दहातल्या दोघी कुणी का असेनात, त्यांचं भलं होवो. मी आता त्या रांगेत नाही."

तो उठून बाहेर गेला, बंद स्कूटरवर नुसता बसून राहिला. आत आला तेव्हा आईच्या पलंगापाशी उभा राहून म्हणाला, "आई, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं." नर्मदाबाई म्हणाल्या, "मले नको सांगू. तिले सांग." त्यानं विनतालाही सांगितलं. ती "ठीक आहे" म्हणाली. लगेच काही ठीक झालं नाही. बरेच महिने दोघं एकमेकांशी भाजी, दूध, गॅस याच गोष्टी बोलत होते. दत्तक घेण्याबद्दल नातेवाइकांनी सुचवलं, एकदा दोघं चौकशीही करून आले; पण रामकृष्णचं मन होईना आणि विनताला कुणाचं मन वळवायची ताकद उरली नव्हती.

या मधल्या काळातच, होळीच्या सुमारास, प्लास्टर निघालं होतं. नर्मदाबाईंनी तेव्हा कधी नव्हे ती एक मागणी केली. नाव नर्मदा, जन्म इथं घालवला, पण भेडाघाटला नर्मदा नदीत चालणाऱ्या नावेत त्या कधी बसल्या नव्हत्या. बळीरामांना पाण्याची भीती वाटायची. विनतानं एका रविवारी त्यांना नेलं. रामकृष्णही आला. नाववाला संगमरवराच्या कड्यांतून नाव नेत यमकं जुळवत माहिती सांगत होता: हा दगड हत्ती, तो दगड गाडी, इथं पाणी अमुक इतकं खोल. नर्मदाबाईंनी त्याला मध्येच विचारलं, "भैया, ये किसने नापा?" तो गडबडला, "माताजी, सब यही बोलते हैं." नावेतली माणसं हसली. रामकृष्णही हसला, कितीतरी दिवसांनी.

नर्मदाबाई त्यानंतर आणखी काही वर्षं जगल्या. शेवटी शेवटी त्यांना उचलूनच न्यावं लागायचं, आणि ते विनताच करायची. आता त्या नाहीत. रामकृष्ण निवृत्तीला आला आहे, क्वार्टर सोडून दोघं रांझीत भाड्यानं राहतात. विनता अजून पोस्टात आहे. काउंटरवर एखादी नवीन बाई गप्पांच्या ओघात विचारते, "बच्चे कितने हैं, दीदी?" विनता पावतीवर शिक्का मारता मारता म्हणते, "नहीं हैं. कोशिश की थी, नहीं हुआ." आवाज खाली न आणता म्हणते. मग पुढच्या माणसाला पुढं बोलावते. रविवारी दुपारी जेवून ती झोपते, आणि बहुतेक वेळा उठते तेव्हा तिला बरं वाटत असतं.